न वाचलेली चिठ्ठी

कपाटाचं दार उघडलं, तर तारेवर टांगलेला कागद कोरा होता.

ट्यूबलाइटला आधी वाटलं, आपण उलटी बाजू बघतोय. त्याने हातमोजे घातलेल्या बोटांनी चिमटा सोडवला आणि कागद फिरवला. ती बाजूही कोरीच. मग वाटलं, हा कागदच दुसऱ्या कुणाचा असेल. पण आत कागद एकच होता, आणि चार पदरी घडी घातल्याच्या खुणा त्याच्यावर तशाच होत्या. ती घडी सकाळी त्याने स्वतःच उलगडली होती. तेव्हा कागदावर निळी अक्षरं होती. काय लिहिलं होतं ते त्याला माहीत नव्हतं, पण निळं होतं हे नक्की, जवळजवळ पान भरून निळं.

तो खिडकीपाशी गेला. कागद उजेडात धरला, तिरका धरला, डोळ्यांजवळ नेला. कागद किंचित पिवळा पडला होता, त्याला तारांच्या ठिणगीसारखा उग्र वास येत होता, आणि त्याच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. तरी तो बघत राहिला. मग त्याने कपाटाकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच वाजले होते. दिवे लावले तेव्हा अकरा वाजत होते. आता कुठे सगळं त्याच्या ध्यानात आलं, आणि खुर्चीची पाठ धरून तो खाली बसला.

गोष्टी उशिरा ध्यानात येणं ही त्याची जुनीच खोड. शाळेत कुणी विनोद केला की सगळा वर्ग हसून मोकळा व्हायचा, आणि पुढचा तास सुरू झाल्यावर हा एकटा फिस्सकन हसायचा. बटण दाबलं की आधी लुकलुकणार, मग लागणार. पोरांनी नाव ठेवलं ट्यूबलाइट. पुढे हा हॉस्पिटलात वायरमन म्हणून लागला, तर औषधांच्या कोठीत नेमका शाळेतलाच एकजण कामाला. झालं, नावही याच्या मागोमाग नोकरीला लागलं. तीस वर्षं त्याच नावाने हाका. पगाराच्या कागदावर दुसरं नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर हा मागे वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून. त्याला कधी राग आला नाही. आला असला तरी तो आला हे त्याला उशिरा कळलं असेल.

हे कपाट त्याने बांधलेलं होतं. साथ आली तेव्हा पहिले काही महिने मेलेल्या माणसाच्या सामानाला कुणी हात लावत नव्हतं. चष्मा, कवळी, फोन, पाकीट, असेल ते पिशवीत भरायचं आणि मागच्या भट्टीत जाळायचं. त्याच महिन्यांत ट्यूबलाइटची बायको गेली. याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. नऊ दिवस ती वर होती आणि हा खाली फ्यूज बदलत होता, आणि मधल्या जिन्यावर पहारा. दहाव्या दिवशी पिशवी जळली. तिच्यात तिचा चष्मा होता, कंगवा होता आणि एक छोटी वही होती. वहीत काय होतं कोण जाणे.

तेव्हा वॉर्डातल्या एका बाईंनी जिन्यावरून वाकून त्याला सांगितलं होतं, "शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होत्या हो." ट्यूबलाइटने ते वाक्य उराशी धरलं. जेवताना, आंघोळ करताना, शिडीवर चढलेला असताना ते आठवायचा, आणि त्याला धीर यायचा. तीन महिन्यांनी एकदा वरच्या वॉर्डातला पंखा दुरुस्त करताना त्याने व्हेंटिलेटरवरचा पेशंट पहिल्यांदा जवळून पाहिला. घशात जाड नळी, तोंडावर पट्ट्या. याने पंख्याचे स्क्रू आवळले, शिडी उचलली, खाली आला, डबा उघडला, आणि दुसऱ्या घासाला त्याला कळलं. बायकोच्या घशातही नऊच्या नऊ दिवस नळी होती. नाव कसलं घेणार ती? त्या बाईंचा काही दोष नव्हता, त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून ट्यूबलाइटला बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखी झाली, आणि या खेपेला तर कुणी भेटायलाही आलं नाही.

त्यानंतर तो मेट्रनबाईंकडे गेला आणि म्हणाला, सामान जाळू नका, मी काहीतरी करतो. ऑपरेशन थिएटरात रात्रभर जळणारे अतिनील किरणांचे दिवे असतात, हवेतले आणि भिंतीवरचे जंतू मारणारे, ते त्याच्या हाताखालचेच. दिसायला साध्या नळीसारखे, फक्त काच आरपार. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. अवजारांचं एक जुनं लोखंडी कपाट घेऊन त्याला आतून चकचकीत पत्रा ठोकला, सहा नळ्या बसवल्या, दार उघडताच दिवे बंद होतील असा खटका लावला, आत तारा ताणल्या. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी मापून सांगितलं, एका बाजूला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, कुठलाही व्हायरस टिकायचा नाही. अट एकच, उजेड पडला पाहिजे. हे किरण कशाच्या आत शिरत नाहीत, घडीत जात नाहीत, सावलीत काही करत नाहीत. म्हणून चष्म्याच्या काड्या उघडायच्या, पाकीट उलटं करायचं, फोन कव्हरातून काढायचा. आणि चिठ्ठी असली तर घड्या पूर्ण उलगडायच्या.

चिठ्ठ्या पुष्कळ यायच्या. तोंडावर मास्क आणि छातीत दम नाही, मग माणसं लिहायची. झोपून लिहिताना बॉलपेन चालत नाही, शाई उलटी जाते, म्हणून वॉर्डात मुलांची स्केचपेनं ठेवलेली असायची. मागे कुणीतरी अशा एका चिठ्ठीचा फोटो काढून गावभर फिरवला होता आणि मोठं प्रकरण झालं होतं. तेव्हापासून पेशंटच्या कागदांचे फोटो काढायचे नाहीत असा मेट्रनबाईंचा लेखी हुकूम. ट्यूबलाइटने त्याच्या पुढचा हुकूम स्वतःला घातला होता: वाचायचंच नाही. कागद उलगडताना तो नजर समोरच्या भिंतीवर ठेवायचा. दोन वर्षांत तीनशेवर चिठ्ठ्या त्याच्या हातून गेल्या, आणि त्यातलं एक अक्षर त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कशाचा नाही, पण याचा त्याला अभिमान होता.

मग हे असं का झालं? तर तीन आठवड्यांपूर्वी एक माणूस सामान द्यायच्या खिडकीशी येऊन ओरडून गेला होता. तुमच्या पिशवीतून आजार आमच्या घरी आला, माझ्या आईला झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठूनही झाला असेल, सांगता यायचं नाही. तरी त्यांनी मापक लावून पाहिलं, आणि नळ्या निम्म्याने उतरलेल्या निघाल्या. या नळ्यांचं असंच असतं. निळा उजेड दिसत राहतो, जो दिसत नाही तो संपलेला असतो, आणि आपल्याला वाटतं दिवा जळतोय म्हणजे काम चाललंय. तीस वर्षांच्या वायरमनला हे कळू नये? त्या माणसाची आई वाचली की नाही हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही. चार दिवसांपूर्वी नव्या नळ्या आल्या, जोरकस, कोऱ्या करकरीत. पंधरा मिनिटं खूप होती. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ट्यूबलाइटने टायमरची तार काढून बटण थेट जोडलं आणि एकेका बाजूला तासभर उजेड द्यायला सुरुवात केली.

आज सकाळी अकराला त्याने सात नंबरच्या खाटेवरच्या, पहाटे गेलेल्या आजोबांचं सामान आत टांगलं, बटण दाबलं, आणि दहाव्या मिनिटाला ऑक्सिजनचा कॉम्प्रेसर बंद पडला. सगळे वायरमन धावले. साडेपाचपर्यंत तो जनरेटर, तारा आणि पॅनलच्या मागे होता, जेवला नाही, पाणी प्यायला नाही. त्या वेळात वॉर्डात एकही माणूस दगावला नाही. आणि इकडे कपाट जळत राहिलं, आणि स्केचपेनची स्वस्त निळी शाई त्या उजेडात विटत विटत उडून गेली.

गोष्ट नुसत्या कागदाची असती तर एक वेळ चाललं असतं. पण सकाळी नऊला सात नंबरच्या मुलीचा फोन आला होता. "काका, बाबांची चिठ्ठी आहे ना तुमच्याकडे? सिस्टर म्हणाल्या, लिहिलीय म्हणून. मी उद्या सकाळी पोचते. जपून ठेवा हं. ते माझं उत्तर आहे."

"काही काळजी करू नका, ताई," असं तो म्हणाला होता.

सहाच्या सुमाराला सिस्टरची ड्यूटी संपली. अंगावरचा तो प्लॅस्टिकचा पोशाख उतरवून ती बाकावर बसली होती, गालांवर मास्कचे वळ. ट्यूबलाइट तिच्यासमोर उभा राहिला आणि झालं ते सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले.

"सिस्टर, तुम्ही वाचली होती का हो?"

"नाही काका. चष्म्यावर वाफ, त्यावर ती तोंडावरची काच. मला माझे हात दिसत नव्हते धड."

"एखादा शब्द?"

"नाही." तिने गालावरचे वळ चोळले. "त्यांच्या मुलीचा निरोप मीच वाचून दाखवला होता त्यांना. 'बाबा, माझं चुकलं, मला माफ करा.' एवढाच. ऐकलं, काही बोलले नाहीत. मग पॅड मागितलं. दुपारचे तीन वाजले होते. लिहून संपेपर्यंत चार. दोन शब्द लिहायचे, दमायचे, पडून राहायचे. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. तर पॅड छातीशी घट्ट धरलं. मधे एक ओळ लिहून खोडलीपण. शेवटी घडीसुद्धा स्वतःच घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले."

ट्यूबलाइटने मान हलवली.

"काका, ऐका माझं," सिस्टर म्हणाली. "उद्या तिला सांगून टाका, माफ केलंय असं लिहिलं होतं. कागद खराब झाला, पण मी वाचला होता, म्हणा."

"आणि नसेल केलं तर?"

"तर काय? ते येणारेत का सांगायला? जन्मभर बिचारीला बरं वाटेल."

"जन्मभर नाही वाटत," ट्यूबलाइट म्हणाला. "मला तीन महिने वाटलं."

सिस्टरला कळलं नाही, आणि तिच्या अंगात विचारण्याइतकं त्राण नव्हतं. तिने पायातले बूट ओढून काढले आणि भिंतीला डोकं टेकलं.

घरी त्याची थोरली बहीण होती, आक्का. बायको गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. हिच्या नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झालेली. भाऊ ताटावर नुसता बसलाय हे बघून ती म्हणाली, "काय झालं? आज कुणाचा विनोद समजला?"

त्याने सांगितलं. आक्काने कपाळावर हात मारला नाही, हळहळली नाही, फक्त ताट बाजूला सरकवलं.

"अति तिथं माती," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं सांगितली होती ना तुला शिकलेल्या बाईनं? तुझा जास्तीचा शहाणपणा."

"हो."

"मग आता काय, थाप मारणार?"

"सिस्टर म्हणतात, मार."

"तुला जमायची नाही. लहानपणी तू खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. अजून होतात." ती उठली, भांडी आवरू लागली, आणि पाठमोरीच म्हणाली, "तुला ते कळलं तेव्हा तू आठ दिवस जेवला नव्हतास. मला आठवतंय."

त्या रात्री झोपताना ट्यूबलाइटने मनाशी दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. 'माफ केलं असं लिहिलं होतं' हे वाक्य तोंडातून सरळ आलं, काही अडकलं नाही. त्याचीच त्याला भीती वाटली.

मुलगी दहाला आली. चाळिशीची बाई, हातात प्रवासाची पिशवी, केस घाईने बांधलेले. खिडकीशी न थांबता ती सरळ आत आली. ट्यूबलाइटने तिला खुर्ची दिली आणि सामान एकेक करून टेबलावर ठेवलं. चष्मा. घड्याळ. किल्ल्यांचा जुडगा. खिशातला कंगवा. बाई घड्याळाकडे बघून जरा हसली. "हे नेहमी पाच मिनिटं पुढे. गाडी चुकायला नको म्हणून. जन्मात कुठे गेले नाहीत." मग तिने हात पुढे केला. "चिठ्ठी?"

त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने तो उलगडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे काय?"

"ताई, चूक माझी आहे," ट्यूबलाइट म्हणाला, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. नळ्यांचं, टायमरचं, कॉम्प्रेसरचं. कॉम्प्रेसरचं सांगताना आपण सबब सांगतोय असं वाटून तो मधेच थांबला. "पंधरा मिनिटं द्यायची होती. साडेसहा तास दिले गेले. शाई उडाली."

बाईंचा चेहरा बदलला नाही. "बरं. पण तुम्ही वाचली असेल ना. टांगताना."

"नाही."

"एखादी ओळ. नजर जातेच की."

"मी भिंतीकडे बघतो. कुणाचंच वाचत नाही."

"सिस्टरनी?"

"त्यांनीही नाही. त्यांना दिसत नव्हतं. मी विचारून आलो." मग सिस्टरने सांगितलेलं त्याने जसंच्या तसं सांगितलं, काही न गाळता: तीन ते चार, दोन दोन शब्द, छातीशी धरलेलं पॅड, खोडलेली ओळ, स्वतः घातलेली घडी.

"एक तास," बाई म्हणाल्या. "माफ केलं लिहायला तास लागतो का? एक मिनिट लागतं." त्या कागदाकडे बघत होत्या. "आणि नाही केलं लिहायलाही तेवढंच लागतं. मग तासभर काय लिहीत होते?"

"मला माहीत नाही, ताई."

बाहेर कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली.

"आईला काय झालंय ते मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. त्या ट्यूबलाइटशी बोलत होत्या की नाही, सांगणं कठीण. "डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, चार महिने आहेत. आई म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, खचतील. मी नाही सांगितलं. मी रोज म्हणायचे, आई सुधारतेय बाबा, रंग बघा किती उजळलाय. ते खूश. ते आपले रोज कामावर जायचे, ओव्हरटाइम करायचे. आई गेली त्या दिवशी त्यांना कळलं. म्हणाले, माझ्या वाटचे चार महिने तू लपवून ठेवलेस. त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. फोन केला की उचलायचे, माझा आवाज ऐकायचे, आणि ठेवायचे."

काल ते वाक्य तोंडातून किती सरळ आलं होतं, ते ट्यूबलाइटला आठवलं.

"मी तुम्हाला सांगू शकलो असतो," तो म्हणाला. "माफ केलं लिहिलं होतं म्हणून. तसं सांगा असं एकजण म्हणालंही."

"मग?"

"माझी बायको इथेच गेली. मला बरं वाटावं म्हणून एकीने असंच काहीतरी सांगितलं होतं. नंतर मला कळलं."

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला वाटलं, आता त्या म्हणतील, बरं केलंत खरं सांगितलंत. असं कुणीतरी म्हणावं अशी आस त्याच्या मनात होती, खोटं कशाला बोला.

"वाचायला हवी होती तुम्ही," बाई म्हणाल्या.

"ताई, लोकांचं खाजगी…"

"खाजगी माझं होतं. मी दिलं असतं तुम्हाला वाचायला." त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "त्यांनी तास घालवला. शेवटचा तास, काका. हातात पेन धरवत नव्हतं त्या माणसाच्या. आणि ते एका माणसाच्याही डोळ्यांखालून गेलं नाही. तुम्ही एवढं जपलंत. जगात कुणालाच माहीत नाही ते काय म्हणाले. एक तुम्ही जरी वाचली असतीत, तरी कुठेतरी असती."

ट्यूबलाइट फक्त "हो" म्हणाला.

बाईंनी कागद आधी होता त्याच घड्यांवर पुन्हा मिटला. चष्मा, घड्याळ, किल्ल्या, कंगवा पिशवीत घातले. कागद मात्र त्यांनी पिशवीत टाकला नाही, हातातच धरला. सही करायची होती तिथे सही केली. पेन परत देताना त्या म्हणाल्या, "तुमच्या बायकोचं काही मिळालं का तुम्हाला?"

"नाही. तेव्हा जाळायचे."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. आभार मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

त्या गेल्यावर ट्यूबलाइटने आधी टायमरची तार जागेवर जोडली, चालतो का ते दोनदा तपासलं. मग मेट्रनबाईंना द्यायचा कागद लिहायला बसला. झालेली चूक, तारीख, वेळ, कारण. कारण या शब्दापुढे त्याने 'माझी भीती' असं लिहिलं, मग बघितलं, आणि राहू दिलं.

बाराला वरून पुढची पिशवी आली. तीन नंबरची बाई, वय चौतीस. पिशवीत फोन, केसांचे दोन चाप, हातातलं बारीक कडं, आणि सहा घड्या घातलेला एक कागद. फोन त्याने कव्हरातून काढून टांगला. चाप उघडे करून ठेवले. कडं दोऱ्याला अडकवलं. मग कागद हातात घेतला. नजर सवयीने भिंतीवर गेली.

त्याने एकेक घडी उलगडली. सगळा कागद मोकळा झाला, आणि ट्यूबलाइटने मान खाली घातली.

त्याचं वाचन मुळातच सावकाश. मास्कच्या आत ओठ हलवत तो एकेक शब्द वाचू लागला. अक्षरं हिरवी होती, ओळी खाली घसरलेल्या. 'धाकटीला अंधाराची भीती वाटते, ती नाही म्हणेल पण वाटते. झोपताना बाहेरचा दिवा राहू द्या. मोठ्याच्या चपला लहान झाल्यात, तो सांगणार नाही. कुंड्यांना रोज पाणी नको, एक दिवसाआड. त्या दिवशी मी उगाच ओरडले. मनात धरू नका. मला इथे सगळे चांगलं बघतात.' खाली नाव नव्हतं. नाव लिहायच्या आधीच ती थांबली असावी.

त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग डोळे मिटून आठवून पाहिलं. कुंड्यांचं राहिलं. डोळे उघडून तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी काही सुटलं नाही. तेव्हा त्याने कागद तारेला लावला, दार लावलं, टायमर पंधरावर फिरवला. दाराच्या फटीतून निळसर कड दिसू लागली.

कोठीतला तो जुना शाळासोबती दारात येऊन उभा राहिला. "ट्यूबलाइट, चल चहाला."

ट्यूबलाइटने त्याच्याकडे न बघताच हाताने 'थांब' म्हणून खूण केली. त्याची पाठ कपाटाला टेकलेली होती, डोळे मिटलेले होते, आणि ओठ हलत होते.